मंजुरी येईपर्यंत

देवपूर, धुळे
९ जुलै २०२५

भूमिकाचे पप्पा,

केंद्रात फोन चालत नाही, पत्र चालतं, असं तिथले समुपदेशक गिरधर सर म्हणाले म्हणून लिहायला बसले आहे. आधी ते वाचतात आणि मग तुम्हाला देतात, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा पत्र तुमच्या हातात जाईल तेव्हा ते आपल्या दोघांचं राहिलेलं नसेल. असू दे.

इकडे सगळं ठीक आहे. भूमिका शाळेत जाते. हाताला प्लास्टर आहेच, पण आता बोटं हलवते. आठवीचा अभ्यास बुडू नये म्हणून डाव्या हाताने लिहायला लागली आहे. आई दोंडाईच्याला परत जायचं नाव काढत नाहीत. भूमिका त्यांच्याजवळ झोपते. दाराला आतून अजून एक कडी बसवून घेतली. गल्लीत चोऱ्या वाढल्या आहेत, म्हणून.

तुम्हाला जळगावला मी पाठवलं असं तुम्हाला वाटत असेल. रक्ताची उलटी झाली तेव्हा सिव्हिलच्या डॉक्टरांनी तुमच्या समोरच सांगितलं होतं की आता दारू नुसती ठरवून सुटणार नाही, भरती व्हावं लागेल. तुम्ही मान हलवली होती. सही तुम्हीच केली. मी फक्त आमच्या ऑफिसात विचारून आले. यंदापासून कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दारू आणि तंबाखू सोडवण्याचा उपचार घेतला आहे. मागच्या वर्षापर्यंत हेच दोन आजार 'मिळणार नाही'मध्ये होते. एचआरच्या डिंपलने मला बाजूला नेऊन सांगितलं, "ताई, तुमच्या मिस्टरांनाही चालतं, कॅशलेस होतं." आम्ही तेलाच्या लॅबमध्ये काम करणारी माणसं, आम्हाला पॉलिसीतलं काय कळतं. डिंपलने सांगितलं नसतं तर तुम्हाला असल्या ठिकाणी ठेवणं माझ्या पगारात बसलं नसतं.

गेटवर तुम्ही मला म्हणालात, "बाहेर आलो की बोलू." हळू बोललात. सरांनाही ऐकू गेलं नाही. ते तुम्ही मायेने म्हणालात की कसं, याचा मी बसमध्ये पारोळ्यापर्यंत विचार करत होते.

औषधं वेळेवर घ्या. जेवा.

हेमांगी


१५ जुलै

भूमिकाचे पप्पा,

तुमची चिठ्ठी मिळाली. 'डोकं फुटतंय. पुडी देत नाहीत. दारूचं समजू शकतो, तंबाखूने कोणाचं काय बिघडतं? घरी ने.' एवढंच लिहिलंत. भूमिकाबद्दल काही नाही. तिने मागून वाकून वाचली, म्हणून सांगते.

तंबाखूने काय बिघडतं ते तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं. तुमच्या तोंडात दोनच बोटं जातात. तीन जायला पाहिजेत. गालाची आतली बाजू दोरीसारखी ताठ झाली आहे. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, असं ते म्हणाले. तो शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारला आणि माझ्या हातातून नमुन्याची बाटली निसटली. मिरचीच्या आडतीवर पंधरा-वीस वर्षं काढलेला माणूस घरी वरणात तिखट नको म्हणायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला माझ्या हातचं नकोसं झालं.

तर पुडी मिळणार नाही. त्याऐवजी च्युइंगम देतील आणि समजावायला वेगळ्या मॅडम येतील. तेही मेडिक्लेममध्ये आहे, मी विचारून घेतलं. तुमचं ऐकून आईंनीही मिश्री सोडली होती. गुरुवारी सकाळी सोडली आणि शनिवारी मोरीत पाठमोऱ्या बसून दात घासताना सापडल्या. त्याच म्हणाल्या, "आते मी त्याले काय तोंड दखाडू?" मग डबी पुन्हा कनवटीला लावली.

कंपनीत स्टोअरचे अभिमन भाऊ विचारत होते, "स्वप्नीलराव दिसत नाहीत हल्ली?" मी म्हटलं, रावेरला गेलेत, केळीच्या पॅकिंगचं काम मिळालंय. ते म्हणाले, "मिरची सोडून केळीत?" आणि रजिस्टर उघडलं. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये कोणी हळू बोलायला लागलं की मला वाटतं आपलंच चाललंय.

मेडिक्लेमचं अजून एक आहे. ते नक्की कळलं की लिहीन.

हेमांगी


२१ जुलै

भूमिकाचे पप्पा,

मागच्या पत्रात एक गोष्ट टाळली. ती आता टाळता येत नाही.

मेडिक्लेमवाले सगळ्या दिवसांची मंजुरी एकदम देत नाहीत. थोडे थोडे दिवस देतात, मग कागद बघतात आणि पुढचं ठरवतात. त्यांनी आता कळवलं आहे की रुग्णाची थरथर थांबली, झोप लागते, जेवण जातं, तेव्हा भरती राहायची गरज नाही. घरी राहून आठवड्याला एकदा दाखवायला यावं. म्हणजे शुक्रवारी तुम्हाला सोडणार.

हे सांगायला गिरधर सरांनी फोन केला. त्यांना वाटलं असणार, बाईला बरं वाटेल. मी लॅबच्या मागे नळाजवळ उभी होते. मी दोनदा विचारलं, शुक्रवारीच का? तसे ते म्हणाले, "ताई, ते घरी यायला नको आहेत का तुम्हाला?"

मी म्हटलं, "तसं नाही सर."

मग म्हटलं, "तसंच आहे."

त्यांनी विचारलं, "मुलीचा हात कसा मोडला?"

"जिन्यावरून पडली."

"तुमच्या घराला जिना आहे?"

आमच्या घराला जिना नाही. तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही कधी विचारलं नाहीत की ती कोणत्या जिन्यावरून पडली. तुम्हाला आठवत नाही हे मला मान्य आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी आइस्क्रीम आणलंत, प्लास्टरवर फूल काढलंत, तेव्हा आम्ही तिघी तुमच्याकडे बघत होतो आणि आमच्यातल्या एकीलाही ते सांगायची हिंमत झाली नाही.

आता सांगते. त्या दिवशी दुपारी तुम्ही पिऊन आलात. शर्टाच्या खिशातल्या पुड्या भूमिकाने काढून संडासात टाकल्या होत्या. शाळेत तंबाखूवर कोणी चित्रं दाखवली होती, त्यातली तोंडं बघून ती घाबरली होती. तुम्ही तिला विचारलंत. ती खरं बोलली. तुम्ही तिचा हात धरलात आणि पिरगाळलात, आणि ती ओरडली तशी ढकलून दिलंत. ती ओट्याच्या कडेवर पडली. मी पोळ्या करत होते, माझ्या हातात लाटणं होतं, आणि मी जागची हलले नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर तुमची नव्हती. आई मध्ये आल्या. दवाखान्यात जिना त्यांनीच सांगितला.

सर म्हणाले, डॉक्टर पुन्हा मंजुरीसाठी लिहू शकतात. पण नुसतं 'अजून राहू द्या' म्हणून कोणी ऐकत नाही. घरी परत पाठवणं धोक्याचं आहे, हे घरातल्यांनी लिहून द्यायला हवं. आणि ते लिहून दिलं तर त्याची नोंद राहील. "तुमच्या मिस्टरांपासून ते लपवता येणार नाही," असं ते दोनदा म्हणाले.

मी डिंपलकडे गेले. दार लावून विचारलं, हे कंपनीत कोणाला दिसतं का. ती म्हणाली की आजाराचा तपशील कंपनीकडे येत नाही, फक्त क्लेम झाला एवढं येतं. मग म्हणाली, "माझ्यापर्यंत येतं ताई. मी कोणाला बोलणार नाही." तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या तुमच्या आई आहेत. मला वाटलं आता या उठतील, पिशवी भरतील आणि दोंडाईच्याला जाऊन सगळ्या भाऊबंदांना सांगतील की सुनेने माझ्या मुलाला कोंडून घातलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो घर उना तं पोरले कोठे लपाडशी?"

मी म्हटलं, "कुठे लपवणार, माहीत नाही."

"तुले भेव वाटस?"

मी मान हलवली.

"माले बी वाटस. मना पोऱ्या शे, तरी वाटस." मग म्हणाल्या, "लिख. बठ्ठं लिखी टाक. मी सोता दखेल शे. मना अंगठा लाव."

आम्ही सगळं लिहिलं, आईंनी डोळ्यांनी पाहिलं तेही. माझी सही, आईंचा अंगठा. भूमिकाचं नाव घालायचं की नाही यावर अडले, तर ती आतून म्हणाली, "घाल ना मम्मी. हात माझाच आहे." आज सकाळी कागद जळगावला गेला. हे पत्रही त्याच्याबरोबर दिलं आहे. तुम्हाला देताना सर जवळ बसणार आहेत.

मला तुमची भीती वाटते. हे तुम्हाला लिहितानासुद्धा वाटते आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि असं वाक्य तुम्हाला लिहायची वेळ आली, याचं वाईट वाटतंय.

हेमांगी


२५ जुलै, संध्याकाळी साडेपाच

भूमिकाचे पप्पा,

हे पत्र कुठे पाठवायचं मला माहीत नाही. लिहिते आहे, कारण नाहीतर मी दारापाशी उभी राहते.

सकाळी दहा वाजता केंद्रातून फोन आला. नाश्त्याच्या वेळी तुम्ही जागेवर नव्हतात. स्वखुशीने भरती झालेल्या माणसाला ते अडवू शकत नाहीत, पण तुम्ही सांगूनही गेला नाहीत. गिरधर सर म्हणाले, पत्र वाचल्यापासून तुम्ही कोणाशी बोलला नव्हतात. ते मला सॉरी म्हणाले. हा माणूस इतके दिवस धीर देत होता, आता त्यालाच नक्की वाटत नव्हतं.

जळगावहून धुळ्याला बस किती वेळात येते ते मला माहीत आहे. डिंपलला सांगून निघाले. आईंना फोन केला, म्हटलं, दोन्ही कड्या लावा, मी आवाज देईन तरच उघडा. रिक्षाने थेट शाळेत. पुलावर गर्दी होती, पांझरेला पाणी आलं होतं म्हणून लोक गाड्या थांबवून बघत होते. मी रिक्षावाल्यावर ओरडले. मी कधी कोणावर ओरडत नाही.

भूमिका ऑफिसमध्ये बसलेली होती. तुम्ही येऊन गेला होतात.

तिनेच सांगितलं. मधल्या सुट्टीत ती गेटपाशी आली तर तुम्ही रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे. दाढी वाढलेली, कपडे मात्र स्वच्छ. तुम्ही तिला बघितलंत. ती मंदाबाईंच्या मागे गेली. मंदाबाई म्हणजे त्यांच्या शाळेच्या शिपाईण. तिने त्यांची साडी पाठीमागून धरली. मंदाबाईंना काही माहीत नव्हतं, तरी त्या हलल्या नाहीत, तशाच मध्ये उभ्या राहिल्या. भूमिका म्हणाली, "पप्पा रस्ता ओलांडायला निघाले होते. एक पाय खाली टाकला होता. मग त्यांनी तो परत घेतला." तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात आणि बसस्टँडच्या दिशेने चालत गेलात.

मंदाबाई मला म्हणाल्या, "कोण होता तो माणूस, ताई?" मी म्हटलं, "हिचे वडील." त्यांनी भूमिकाचं दप्तर स्वतः रिक्षापर्यंत आणून दिलं.

आता आम्ही तिघी घरात आहोत. शेजारच्यांना सांगून ठेवलं आहे. खोटं काही सांगितलं नाही, जे आहे ते सांगितलं. गेटची कडी वाजली की आई माझ्याकडे बघतात. मघाशी दूधवाला होता. त्याआधी कुत्रं.

आणि तीन वाजता मेडिक्लेमवाल्यांचा मेसेज आला. मुक्काम वाढवून दिला आहे. डॉक्टरांचं पत्र आणि आमचा कागद पाहून पूर्ण उपचार मंजूर केला. तंबाखूचंही चालू राहील, तुम्ही सुटल्यावर आम्हा तिघींना घेऊन बोलायला बसवतात तेही. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, मंजुरी आहे, पण पलंगावर माणूस नाही. उद्या दुपारपर्यंत तुम्ही आला नाहीत तर त्यांना तुम्ही निघून गेल्याचं कळवावं लागेल, आणि मग हे सगळं मिटेल. पुन्हा मिळेल की नाही ते सांगता येत नाही.

इतक्या दिवसांत मी देवाकडे एकच मागितलं की तुम्ही घरी येऊ नका. आज तुम्ही आला नाहीत. कुठे आहात ते कोणालाच माहीत नाही, आणि आता मला दुसरंच काही सुचायला लागलं आहे. बसस्टँडच्या मागे गुत्ता आहे. पलीकडे नदी. तुमच्याकडे पैसे नव्हते, तुम्ही धुळ्यापर्यंत कसे आलात? जेवलात का? मला हे लिहायचं नव्हतं.

बाहेर कोणीतरी थांबलं आहे. बघते.

कोणी नव्हतं.


३० जुलै

भूमिकाचे पप्पा,

शनिवारी सकाळी सरांचा फोन आला की तुम्ही गेटवर येऊन बसला आहात. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आईंनी बाहेरून विचारलं, "सापडना का?" मी म्हटलं, "सापडले." त्या देवापुढे बसल्या नाहीत की काही नाही. चुलीपाशी बसावं तशा गॅसच्या ओट्यापाशी बसल्या आणि कणीक मळायला घेतली, ती पाऊण तास मळत होत्या.

सर म्हणाले, तोंडाला दारूचा वास नव्हता, यंत्रात फुंकर मारायला लावली तरी काही निघालं नाही. पुडी मात्र खाल्ली होती, तुम्ही स्वतःच सांगितलंत. मी घाबरून विचारलं, यावरून मंजुरी जाईल का? ते म्हणाले, नाही, तंबाखू सोडताना माणूस घसरतो, हे उपचारात धरलेलंच असतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. दातांच्या डॉक्टरांनी गालाचा बारीकसा तुकडा तपासायला घेतला, तेही कळलं. अहवाल यायला आठवडा लागेल. त्यात काय येईल याचा विचार मी दिवसातून एकदाच करायचं ठरवलं होतं. जमत नाही.

तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्ही लिहिलंत की पत्र वाचलं तेव्हा तुम्हाला मी खोटं लिहिलं असं वाटलं. मंजुरीसाठी बायकोने रचलेली गोष्ट. पोरीलाच विचारू म्हणून ट्रकवाल्याला हात करून धुळ्याला आलात. 'मला बघून ती त्या बाईच्या मागे गेली. विचारायचं राहिलं नाही.' पुढे एक ओळ लिहून खोडली आहे. मी उजेडापुढे धरून वाचायचा प्रयत्न केला नाही.

आता मी काय ठरवलं ते लिहिते. मुक्काम पूर्ण होईपर्यंत तुम्ही तिथेच राहायचं. तिथून थेट देवपूरला यायचं नाही. आधी दोंडाईच्याला राहायचं. आई तुमच्याबरोबर राहतील, त्या स्वतःहून म्हणाल्या. दर आठवड्याला जळगावला दाखवायला जायचं. आम्हाला भेटायचं ते केंद्रात, सरांच्या समोर. घरी कधी, ते भूमिका सांगेल. मी सांगणार नाही, आईही सांगणार नाहीत. हे वाचून तुम्हाला राग आला तर तो सरांना सांगा. त्या कामासाठीच ते तिथे आहेत.

रविवारी मी येते आहे. एकटी. मला टेबलाच्या दाराकडच्या बाजूला बसायचं आहे, हे मी सरांना कळवून ठेवलं आहे. माझी भीती गेलेली नाही. तुमचं पत्र घरात आलं तरी मी आधी ते टेबलावर ठेवते, एक फेरी मारून येते आणि मग उघडते. कंपनीत मात्र अभिमन भाऊंना सांगून टाकलं की रावेर वगैरे काही नाही, मिस्टर व्यसनमुक्तीला भरती आहेत. ते नमुन्याच्या बाटल्या मोजत होते. मोजणं थांबवून म्हणाले, "माझ्या भावाला चालेल का हो ते? तो माझ्यावर अवलंबून आहे." मी म्हटलं, डिंपलला विचारा.

भूमिका येणार नाही. मी तिला आग्रह केला नाही. पप्पांना काही सांगायचं आहे का, एवढंच विचारलं. ती 'नाही' म्हणाली आणि वहीत तोंड घालून बसली. प्लास्टर निघालंय, पण हात अजून बारीक दिसतो, पेन धरला की दुखतं. मग मान वर न करता म्हणाली, "मम्मी, त्या दिवशी शाळेबाहेर पप्पापण घाबरले होते. माझ्याकडे बघून."

मी विचारलं, "कशावरून?"

"मला माहितीये ना, कसं दिसतं ते."

हेमांगी